उभं कुठे राहायचं? लग्नाच्या फोटोंच्या जागांची गोष्ट



गेल्या मार्गशीर्षात आमच्या घरात एका प्रश्नाने पंधरा दिवस ठाण मांडलं होतं. लेकीचा साखरपुडा साधेपणाने पार पडला, लग्नाची तारीख माघातली निघाली, हॉल मिळाला, जेवणाचा मेनू ठरला. कांदा-लसूण-बटाटा नको म्हटल्यावर केटररचा चेहरा कसा होतो ते तुम्हाला माहीतच आहे, तरी तोही राजी झाला. अडलं ते फोटो कुठे काढायचे यावर.

लेकीने मोबाईलवर यादी काढली होती. बेलापूरचा किल्ला, सीवूड्सची खाडी, पामबीच रोडवरचं महापालिकेचं मुख्यालय, खारघरचं सेंट्रल पार्क. सासूबाई म्हणाल्या, "लग्नाआधी दोघांनी गावभर हिंडून फोटो काढायचे? कशासाठी?" त्याच संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला. अगदी गोड आवाजात, पण स्पष्ट. "ताई, आमच्याकडे प्रीवेडिंग चालत नाही. आमच्या मोठ्या दिरांना समजलं तर लग्नात बोलणं होईल." लेक खोलीत जाऊन दार लावून बसली. दोन दिवस जावयांचा फोनही तिने घेतला नाही. फोटोंवरून सोयरीक मोडते की काय, असं मला खरंच वाटून गेलं.

विहीणबाईंचं म्हणणं त्यांच्या एकटीचं नव्हतं. २०१९ साली भोपाळमध्ये जैन, गुजराती आणि सिंधी समाजांच्या संघटनांनी प्रीवेडिंग शूटवर बंदीचे ठराव केले होते, आणि त्याची बातमी आपल्या सगळ्या ग्रुपांवर फिरली होती. तेव्हापासून आपल्याकडेही सभांमध्ये हा विषय निघतो. मी मात्र घरात वाद पेटला की जुनं काहीतरी उघडून वाचत बसते. यांना त्याचा राग येतो. पण या वेळी त्या वाचनाचा उपयोग झाला, म्हणून हे लिहितेय.

मुंबईत फोटोग्राफी आली ती फार लवकर. १८५४ साली इथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण ही त्या काळची आपली नावं. तेव्हा फोटो म्हणजे काचेवर ओलं रसायन लावून काढायचा. बसणाऱ्याने काही सेकंद हलायचं नाही. मान स्थिर राहावी म्हणून पाठीमागे लोखंडी आधार लावत. जुन्या फोटोंमधली माणसं इतकी कडक का दिसतात त्याचं एक कारण ते. विजेचे दिवे नसल्याने स्टुडिओच्या छताला किंवा एका बाजूला काचा असत आणि उजेड तिथून यायचा. म्हणजे जागा निवडायची ती फोटोग्राफरने, आणि तीही उजेड पाहून. गिऱ्हाइकाने फक्त जाऊन बसायचं.

आता आपल्या अभिमानाची गोष्ट सांगते. मला स्वतःला ती चाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हती. त्या शतकातला भारताचा सगळ्यात नावाजलेला फोटोग्राफर आपला होता. लाला दीनदयाळ. मेरठजवळच्या सरधन्यात १८४४ साली जैन कुटुंबात जन्म. रुडकीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले, इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला लागले आणि तिथेच कॅमेऱ्याचं वेड लागलं. पुढे हैदराबादच्या निजामाचे दरबारी फोटोग्राफर झाले, सिकंदराबादेत स्टुडिओ काढला, निजामाने 'राजा' किताब दिला. १८९६ मध्ये त्यांनी मुंबईतही स्टुडिओ थाटला. १९०५ मध्ये ते गेले. त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीला इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपून ठेवल्या आहेत.

त्यांचं मला सगळ्यात आवडलेलं काम राजवाड्यांचं नाही. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत फक्त बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला. भोवती उंच भिंती, आत पुरुषाला मज्जाव, आणि कारभार केनी-लेव्हिक नावाच्या इंग्रज बाईंकडे. पडद्यातल्या बायकांना परक्या पुरुषासमोर बसणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांचे फोटोच नव्हते. घरातले बाप्ये दिवाणखान्यात फ्रेममध्ये लटकत आणि बायका कुठेच नसत. दीनदयाळांनी "बायकांचे फोटो नकोत" असंही म्हटलं नाही आणि "पडदा सोडा" असंही म्हटलं नाही. बायकांना चालेल अशी जागा तयार केली. व्यवसायाची दृष्टी होतीच त्यात, ती मी नाकारत नाही. व्यापारी घरातल्या माणसाला गिऱ्हाईक कुठे आहे ते कळतंच. पण ही एक ओळ वाचली आणि मी तशीच उठून लेकीच्या दारावर टकटक केली.

थोडं मागे जाऊ. आपल्या सांगली-कोल्हापूर भागात साध्या घरांपर्यंत लग्नाचा फोटो पोहोचायला बराच काळ गेला. पोहोचला तोही मांडवात नाही. लग्नानंतर आठ-पंधरा दिवसांनी, किंवा पहिलं मूल झाल्यावर, तालुक्याच्या गावी बाजाराला गेलं की स्टुडिओत जायचं. तिथे पाठीमागे रंगवलेला पडदा असे. पडद्यावर तळं, तळ्यात हंस, बाजूला संगमरवरी जिना, वर चंद्र. पडदे रंगवण्याची ही कला आपल्याकडे नाटकांमुळे भरात आली होती. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव हे दोघे आधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत आणि मग सिनेमाकडे वळले. शिवाय राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला होता आणि त्याची रंगीत चित्रं घरोघर लागली होती. खांबाला टेकलेली, हातात फूल धरलेली बाई कशी उभी राहते हे बायकांनी त्या चित्रांत पाहिलेलं होतं. मला वाटतं, स्टुडिओतल्या कुंडीशेजारच्या उभं राहण्यात थोडं तिथलं आहे.

सासूबाईंचा फोटो असाच आहे. त्यांचं लग्न १९६१ चं, मिरजेजवळच्या खेड्यातलं. मांडवात कॅमेरा नव्हता. तीन वर्षांनी सांगलीत काढलेला एकच फोटो घरात आहे. मामंजी खुर्चीत बसलेत, पायात नवे बूट. सासूबाई बाजूला उभ्या, पदर कपाळापर्यंत, कडेवर आमचे थोरले भावोजी. मागे हंसांचं तळं. "मी जन्मात हंस पाहिला नव्हता गं," त्या म्हणतात. "फोटोवाला म्हणाला, तळ्याच्या कडेला उभ्या राहा. मी म्हटलं, कुठंय तळं?" इतकी वर्षं आम्ही या गोष्टीवर हसलो. या वेळी मात्र मला तो फोटो नीट पाहावासा वाटला. सगळं दुसऱ्याने ठरवलेलं. बसायचं कोणी, उभं राहायचं कोणी, मागे काय असायचं. मूल कडेवर घेऊन उभी असलेली बाई, आणि खुर्ची एकच.

माझ्या लग्नात, १९९४ मध्ये, रोल होते. छत्तीस फोटोंचा एक. माझे वडील फोटोग्राफरला दर थोड्या वेळाने विचारायचे, "कितवा चालू आहे?" व्हिडिओवाल्याचा तो प्रखर दिवा डोळ्यांवर, त्यामुळे सगळ्या कॅसेटभर मी रडल्यासारखी दिसते. जागा निवडण्याचा प्रश्नच नव्हता. लग्न झालं की नवी मुंबईला आले आणि यांनी एका रविवारी वाशीच्या खाडीकडे नेलं. तिथे मित्राच्या कॅमेऱ्याने काढलेले चार फोटो, तेवढे माझ्या मनासारखे आहेत. लग्नाच्या अल्बमपेक्षा ते चारच मी जास्त वेळा काढून बघते.

इथे थोडं या शहराबद्दल सांगावंसं वाटतं, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणींना लेकीसुनांच्या फोटोत मागे काय आहे ते माहीत नसतं. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६० च्या दशकात मांडलं की मुंबई उत्तरेला लांबवत नेण्यापेक्षा खाडीपलीकडे नवं शहर वसवा. तिघांतली एक बाई होती हे सहसा कोणी सांगत नाही, म्हणून मी मुद्दाम सांगते. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली, १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल सुरू झाला. पुढे ऐंशी-नव्वदच्या दशकांत मुंबईतले घाऊक बाजार इकडे हलले आणि त्या बाजारांबरोबर मशीद बंदर, भात बाजार सोडून आपली कितीतरी कुटुंबं वाशी-तुर्भ्याला आली. तुमच्यापैकी निम्म्याजणी त्याच वाटेने आलेल्या असतील.

पण जमीन रिकामी नव्हती. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या ९५ गावांची ती शेतं, खाजणं आणि मिठागरं होती. मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि दास्तान फाट्याला आंदोलन झालं, गोळीबारात पाच शेतकरी गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्यातून आली. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं तेव्हा सगळ्यांच्या तोंडी दि. बां.चंच नाव होतं, ते यामुळे. या गावांतल्या आगरी लग्नांमध्ये धवलारीण असते. ही बाई धवले गाते आणि लग्नाचे विधी गाण्यातून पार पाडते. आमच्या शेजारच्या आगरी काकूंनी मला त्यांच्या भाचीच्या हळदीला नेलं होतं. तिथे कोणी लोकेशन शोधत नव्हतं. दार, अंगण, मांडव, बस्स. फोटो मात्र सुंदर आले होते.

आता लेकीच्या यादीकडे येते. प्रत्येक ठिकाणी मी स्वतः जाऊन आले, कधी भाजी आणायच्या निमित्ताने, कधी यांना सोबत घेऊन.

बेलापूरचा किल्ला आधी सिद्दी आणि पोर्तुगीजांकडे होता. वसईच्या मोहिमेच्या त्या काळात, अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकात, तो मराठ्यांनी घेतला आणि १८१७ मध्ये इंग्रजांकडे गेला. आज एक बुरूज आणि थोड्या भिंती उरल्यात. रायगड-प्रतापगड डोळ्यांसमोर ठेवून जाल तर हिरमोड होईल. मला आवडला. पण पायाखाली दगड आहेत, शालू सांभाळत चालणं अवघड, आणि वयस्कर माणसांना नेणं तर नकोच.

मुख्यालयाची इमारत भव्य आहे, २०१४ पासून तिथे कारभार चालतो. रात्री दिवे लागले की राजवाडाच दिसतो. पण समोर वाहता रस्ता आहे. दुभाजकावर उभं राहून फोटो काढणारी जोडपी मी डोळ्यांनी पाहिली आणि माझा जीव वरखाली झाला. ती जागा मी यादीतून त्याच दिवशी खोडली, लेकीला न विचारता.

एका बागेत तर आमची फजिती झाली. फोटोग्राफरने "काही होत नाही" म्हटलं म्हणून ट्रायल घ्यायला गेलो, आणि सुरक्षारक्षकाने परवानगीचा कागद मागितला. कागद नव्हता. छत्री, रिफ्लेक्टर, दोन पिशव्या कपडे आणि आम्ही चौघं बाहेर फुटपाथवर. मैत्रिणींनो, बाग, तलाव, स्मारक, कुठेही मोठा कॅमेरा न्यायचा तर आधी लेखी विचारा. पुरातत्त्व खात्याच्या जागांवर, म्हणजे घारापुरीला किंवा वसईला, ट्रायपॉड लावायलासुद्धा वेगळी परवानगी लागते. आणि ड्रोनचं तर विमानतळ झाल्यापासून नावच काढू नका.

राहिली सीवूड्स-नेरूळची खाडी. थंडीत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येऊ लागतात आणि उन्हाळा संपेपर्यंत राहतात. ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ मध्ये झालं, २०२२ मध्ये तिला रामसर यादीत जागतिक दर्जाची पाणथळ म्हणून स्थान मिळालं. नेरूळच्या डीपीएस तलावाचं पाणी अडलं म्हणून २०२४ मध्ये पक्षीप्रेमींनी केवढी ओरड केली होती, ते आठवत असेल. २०२५ मध्ये त्या तलावाला राखीव क्षेत्र करायला राज्याच्या वन्यजीव मंडळाने मंजुरी दिली. लेकीच्या मनात ही जागा पहिली होती. आम्ही पाहायला गेलो. लांब पाण्यात गुलाबी रेघ दिसत होती. फोटोग्राफर उत्साही मुलगा, वाईट नव्हे. तो म्हणाला, "काकू, शॉटच्या वेळी माझा असिस्टंट बांधावरून फटाका लावल्यासारखा आवाज करेल, सगळे एकदम उडतील, मागे पिंक बॅकग्राउंड!"

मी काही बोलायच्या आत लेक म्हणाली, "ते जेवतायत. त्यांना उठवायचं नाही." आणि गाडीत जाऊन बसली.

घरी येताना ती गप्प होती. मग म्हणाली, "आई, मला फ्लेमिंगो नकोच होते. मला फक्त आमचा दोघांचा, कोणी ढकललेलं नाही असा एक फोटो हवा होता. स्टेजवर सगळे हार घालून रांगेत येतात, त्यात आम्ही नसतोच." हे मला समजलं. माझे वाशीचे चार फोटो मी उगाच जपलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मीच विहीणबाईंना फोन केला. त्यांना दीनदयाळांच्या जनाना स्टुडिओची गोष्ट सांगितली. त्यांनाही ते आपले होते हे माहीत नव्हतं. मग म्हटलं, आपण दोघी सोबत असू, घरची मोठी माणसं असतील, खर्च हॉलच्या फुलांइतकाही होणार नाही. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "त्याला प्रीवेडिंग म्हणू नका म्हणजे झालं." ठराव करणाऱ्यांची काळजी मला अगदीच चुकीची वाटत नाही. दोन दिवसांच्या शूटसाठी लोक कर्ज काढतात, हेही पाहिलंय. पण मुलीला विचारायचंच नाही, हे मला पटत नाही.

जागा शेवटी घरातलीच निघाली. आमच्या नणंदबाई सीबीडी बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेजमध्ये राहतात. हे घरकुल चार्ल्स कोरियांनीच १९८० च्या दशकात आखलेलं. साधारण सात-सात घरं एका लहान अंगणाभोवती, उतरती छपरं, कोणाचीही भिंत दुसऱ्याच्या भिंतीला चिकटलेली नाही, म्हणजे ज्याला जसं जमेल तसं वाढवता यावं. आता पुष्कळ घरांवर मजले चढलेत, पण नणंदबाईंचं अंगण तसंच आहे. तिथे तुळस, आंबा, कपडे वाळत घालायची दोरी. आजूबाजूच्या सहाही घरांना आम्ही आधी जाऊन विचारलं. दोरी एका काकूंनी स्वतःच सोडून दिली.

वेळेवरून मात्र पुन्हा वाद झाला. फोटोग्राफरला संध्याकाळचा सोनेरी उजेड हवा होता. मार्गशीर्षात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि आमच्याकडे सूर्यास्ताच्या आत जेवण. "साडेपाचला मी पानावर असते," सासूबाईंनी जाहीर केलं. मग सकाळ ठरली. डोंगरामागून सूर्य वर यायला इथे सात वाजून जातात, आणि तो कोवळा उजेड अंगणात तिरपा उतरतो. फोटोग्राफरने कॅमेऱ्यात पाहिलं आणि काही न बोलता मान डोलावली.

दोघांचे फोटो तासाभरात झाले. लेकीने आजीच्या लग्नातली इरकल नेसली होती. मग सगळ्यांचा एकत्र काढायचा ठरला आणि नणंदबाईंनी आतून खुर्ची आणली. जावई सासूबाईंना म्हणाले, "आजी, तुम्ही उभ्या राहू शकाल का, सगळे एका रेषेत येतील."

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "मी बसणार. मागच्या वेळी मी उभी होते." आणि पदर मागे सारून बसल्या. विहीणबाई त्यांच्या बाजूला पायरीवर टेकल्या.

त्या फोटोत लेकीचे डोळे मिटलेले आलेत आणि मागे आंब्याच्या फांदीवर एक कावळा आहे. फोटोग्राफर तो काढून टाकतो म्हणत होता, आम्ही राहू दिला. विहीणबाईंनी मोठ्या दिरांसाठी म्हणून त्याचीच एक प्रत मागून नेली.